गावाचे चर्च, गावाचा खर्च : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात नागपूरच्या ‘सदर’ वस्तीतील ऑल सेंट्स कॅथेड्रलवर एक टिपण छापले होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना नागपुरात याच ठिकाणी झाली, हे त्या टिपणाचे निमित्त होते. आपल्याकडील इंग्रजी अमदानीतल्या चर्चची घडण समजून घ्यायची असेल, तर इंग्लंडमधील मध्ययुगीन गावचर्चकडे, म्हणजे तेथील पॅरिश चर्चकडे पाहावे लागते, असे एक वाक्य त्यात ओघात आले होते. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळची पाने त्यांनाच द्यावी लागली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ज्या प्रश्नात ऐवज अधिक होता त्याला जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न (धरमपेठ, वास्तुकलेची विद्यार्थिनी) : इंग्लंडमधील एकाच चर्चला एक पुस्तक ‘नॉर्मन’ म्हणते आणि दुसरे ‘पर्पेंडिक्युलर’. यातले खरे कोणते मानावे? शैली ओळखण्याची काही खात्रीची खूण आहे का?

उत्तर : दोन्ही पुस्तके बहुधा खरेच सांगत असतील, एक भिंतीविषयी बोलत असेल, दुसरे खिडकीविषयी. मुळात ही नावे मध्ययुगातील कोणत्याही गवंड्याच्या कानावर पडलेली नव्हती. लिव्हरपूलमध्ये एका विमा-दलालाच्या कचेरीत हिशेब लिहिणारे आणि पुढे वास्तुकार झालेले टॉमस रिकमन यांनी १८१७ साली इंग्लंडच्या जुन्या वास्तूंची नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर अशी विभागणी प्रसिद्ध केली. ती सोयीची असल्यामुळे दोनशे वर्षे टिकून आहे.

खूण हवीच असेल तर खिडकी आणि कमान पाहावी. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षे अर्धगोल कमान, जाडजूड खांब आणि कमानीभोवती करवतीच्या दातांसारखी कोरीव नक्षी चालली. बाराव्या शतकाच्या अखेरीस कमान टोकदार झाली आणि खिडक्या अरुंद व उंच झाल्या. पुढे अशा दोन-तीन खिडक्या एका मोठ्या कमानीखाली शेजारीशेजारी बसवून त्यांच्या माथ्यावर दगडी जाळी कोरण्याची रीत आली; ही जाळी आधी साध्या वर्तुळांची होती आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेलीसारखी वळणे घेऊ लागली. त्यानंतर उभे दगडी दांडे तळापासून थेट कमानीला भिडू लागले, जाळीतली वळणे सरळ झाली आणि भिंतीपेक्षा काचच जास्त दिसू लागली. ज्या देशात वर्षातले कित्येक महिने आभाळ भरलेले असते, तेथे हा प्रकाशाचा हव्यास समजण्यासारखा आहे. नागपूरच्या मे महिन्यात अशा चर्चमध्ये बसण्याची कल्पनाही करवत नाही. १३४८-४९ च्या प्लेगने कारागीर मेले म्हणून ही शेवटची, सरळ रेषांची शैली जन्माला आली असे काही ठिकाणी वाचायला मिळते. परंतु ग्लॉस्टरच्या मठाच्या चर्चमध्ये ती १३३० च्या दशकातच दिसते. प्लेगने तिचा प्रसार सोपा केला असेल, तिला जन्म मात्र दिला नाही.

तरीही माझा सल्ला असा की शैलीची नावे दुय्यम मानावीत आणि सांधे शोधावेत. समजा, बाराव्या शतकात एका गावाने साधे चर्च बांधले. पश्चिमेला लोकांसाठी लांबट दालन, त्याला नेव्ह म्हणतात. पूर्वेला पुरोहितासाठी लहान दालन, ते चॅन्सल. आणि दोहोंच्या मध्ये एक कमान. वस्ती वाढली की नेव्ह रुंद करणे भाग पडे. सगळे पाडून नवे बांधण्याइतका पैसा नसे आणि रविवारची उपासनाही बंद ठेवता येत नसे. तेव्हा गवंडी नेव्हच्या जुन्या भिंतीला समांतर अशी दुसरी बुटकी भिंत बाहेरून उभारत, दोन भिंतींच्या मध्ये उतरते छप्पर घालत आणि मग जुन्या भिंतीत एकेक करून कमानी फोडत. या वाढीव पट्ट्याला आयल म्हणतात. हे सारे होताना जुन्या भिंतीचा वरचा भाग जागचा हलत नसे. त्यामुळे आज जिथे गिलावा निघालेला आहे, तिथे आयलच्या टोकदार कमानींच्या डोक्यावर कधीकधी एखादी बुजवलेली, छोटी, अर्धगोल माथ्याची खिडकी दिसते आणि तिचा खालचा भाग नव्या कमानीने खाऊन टाकलेला असतो. खिडकी आधीची आणि कमान नंतरची, हे समजायला पुस्तक उघडावे लागत नाही.

आयल झाल्या की नेव्हमध्ये अंधार होई. मग तीच जुनी भिंत वर चढवून तिच्यात खिडक्यांची रांग काढत. तिला क्लिअरस्टोरी म्हणतात. भिंत चढवायची म्हणजे छप्पर उतरवणे आलेच. जुने छप्पर अनेक ठिकाणी गवताने शाकारलेले असे आणि पाणी झटकन निथळावे म्हणून त्याला तीव्र उतार लागे. नवे छप्पर शिशाच्या पत्र्याचे असे. शिसे जड आणि मऊ असल्यामुळे तीव्र उतारावर ते स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली सरकते, म्हणून त्याला सपाटीच्या जवळ जाणारा उतार द्यावा लागतो. छप्पर बदलले तरी पश्चिमेचा टॉवर जागेवरच असे आणि त्याच्या पूर्वेकडील अंगावर जुन्या छपराची टोकदार, त्रिकोणी रेघ उमटलेली राही. कित्येक गावांत ती आजही दिसते. कधी नव्या छपराच्या वर, बाहेरून, तर कधी आत शिरल्यावर टॉवरच्या कमानीच्या माथ्यावर.

सांध्यांच्या बाबतीत माझे सर्वांत आवडते उदाहरण मात्र नॉर्मन काळाच्याही आधीचे आहे. डरहॅम परगण्यातील एस्कोम्ब येथील सातव्या शतकातील चर्च जवळच्या बिंचेस्टर या ओसाड रोमन किल्ल्याचे दगड आणून बांधले गेले. त्याच्या उत्तरेच्या भिंतीत रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचे, म्हणजे सैन्यदलाच्या मोठ्या तुकडीचे, नाव कोरलेला एक दगड आहे, आणि तो उलटा बसवलेला आहे. बसवणाऱ्याला दगड हवा होता, त्यावरच्या मजकुराशी त्याला काही कर्तव्य नव्हते.

प्रश्न (महाल) : आमच्या रामटेकच्या देवळांत गाभारा आणि मंडप असतो, तसेच हे चॅन्सल आणि नेव्ह म्हणायचे का?

उत्तर : पहिल्या पायरीवर तसे म्हणायला हरकत नाही, कारण एक जागा पुरोहिताची आणि दुसरी लोकांची, ही वाटणी दोन्हीकडे आहे. पण ही तुलना फार ताणू नये. देऊळ हे देवाचे घर. तेथे भाविक आपल्या वेळेने येतो, दर्शन घेतो आणि जातो. पॅरिश चर्चमध्ये सगळ्या गावाने एकाच वेळी एकत्र उभे राहायचे असे, म्हणून नेव्ह गावाच्या लोकसंख्येप्रमाणे फुगत गेले. ‘उभे राहायचे’ हे शब्दशः घ्यावे; बाकांच्या रांगा सर्रास आल्या त्या पंधराव्या शतकाच्या सुमारास, त्याआधी म्हाताऱ्यांसाठी फार तर भिंतीलगत दगडी कट्टा असे. चर्चची वेदी पूर्वेच्या टोकाला असते, त्यामुळे उपासक पूर्वेकडे तोंड करतो. आपल्याकडे बहुतेक देवळांत देवाचे तोंड पूर्वेला असते आणि भक्त पश्चिमेकडे पाहतो. शिवाय चर्चच्या फरशीखाली आणि आवारात गावाचे मृत पुरलेले असतात. पिढ्यान्‌पिढ्या दफने होऊन आवाराची जमीन इतकी चढलेली असते की काही जुन्या चर्चमध्ये दारातून पायऱ्या उतरून आत जावे लागते.

आणखी एक फरक डोळ्यांना पटकन जाणवतो. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र, म्हणजे फॉन्ट, आत शिरताच पश्चिमेच्या बाजूला दाराजवळ ठेवलेले असते, कारण बाप्तिस्मा हाच धर्मातला प्रवेश. त्याच्या काठावर लोखंडी कडी तुटल्याच्या खुणा पुष्कळदा सापडतात. पवित्र पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत, म्हणून फॉन्टला झाकण घालून कुलूप लावावे, असा आदेश कँटरबरीच्या आर्चबिशपांनी १२३६ साली काढला होता.

प्रश्न (प्रतापनगर, निवृत्त अभियंता) : सार्वजनिक बांधकामात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे नक्षीपेक्षा मला हिशेबात रस आहे. एवढाल्या इमारतींना पैसा कोण देत होते? इस्टिमेट, टेंडर, मोजमाप असे काही होते का?

उत्तर : आपला प्रश्न या साऱ्या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, कारण पॅरिश चर्चचा आकार धर्मशास्त्राने जितका ठरवला तितकाच खर्चाच्या वाटणीने ठरवला. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापर्यंत ही वाटणी पक्की झाली होती : चॅन्सलची डागडुजी रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे ज्याला गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मिळण्याचा हक्क होता तो. अनेक गावांत हा हक्क दूरच्या एखाद्या मठाकडे गेलेला असे. मठ हिस्सा उचलत आणि चॅन्सलवर होईल तितका कमी खर्च करत. म्हणून कित्येक ठिकाणी उंच, उजेडाने भरलेल्या, गावाच्या अभिमानाने बांधलेल्या नेव्हला बुटके आणि जुनाट चॅन्सल चिकटलेले दिसते. याच्या उलट दृश्य दिसले, तर चॅन्सलमागे एखादा धनवान आणि हौशी रेक्टर असावा असे समजावे.

ही वाटणी किती चिवट आहे पाहा. १५३० च्या दशकात राजा आठव्या हेन्रीच्या हुकमाने मठ बरखास्त झाले, त्यांचे हक्क खासगी जमीनदारांकडे गेले आणि त्यांच्याबरोबर चॅन्सल दुरुस्तीची जबाबदारीही जमिनीला चिकटून राहिली. वॉरिकशायरमधील ॲस्टन कँटलो या गावच्या चर्चने तेथील एका शेतजमिनीच्या मालकांकडे सुमारे ९५ हजार पौंडांची मागणी केली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ साली निकाल चर्चच्या बाजूने लागला. सातबारा नीट न पाहता जमीन घेतल्याचे परिणाम आपल्याकडेही लोक भोगतात, पण मध्ययुगातले बिल एकविसाव्या शतकात हाती पडण्याचा प्रकार विरळाच.

आता कराराकडे वळू. सफोक परगण्याच्या किनाऱ्यावर वॉल्बर्सविक नावाचे गाव आहे. मध्ययुगात ते मासेमारीवर आणि व्यापारावर सुस्थितीत आलेले बंदर होते. या गावाने १४२५ साली चर्चचा टॉवर बांधण्यासाठी डनिचचे रिचर्ड रसेल आणि ब्लायबराचे ॲडम पॉल या दोन गवंड्यांशी केलेला करार शिल्लक आहे, आणि तो आपल्यासारख्याने वाचावा असाच आहे. टॉवरची रुंदी आणि भिंतींची जाडी त्यात फुटांत दिली आहे. नकाशा मात्र जोडलेला नाही. टॉवर टन्स्टॉलच्या टॉवरसारखा असावा आणि पश्चिमेचा दरवाजा हेल्सवर्थच्या दरवाजाइतका चांगला असावा, एवढेच म्हटले आहे. दोन्ही गावे जवळपासचीच. गवंड्यांनी तिथे जायचे, पाहायचे, मापे घ्यायची आणि तसेच बांधायचे. शेजारच्या गावाची बरोबरी करण्याची ईर्ष्या करारातच लिहून ठेवलेली आहे, आणि एका परगण्यातले टॉवर एकमेकांचे भाऊ का वाटतात याचेही उत्तर त्यात आहे.

दर ठरला होता उंचीवर : टॉवर एक यार्ड चढला की ४० शिलिंग. शिवाय काम चालू असेल त्या प्रत्येक वर्षी हेरिंग माशांचे एक पिंप आणि पूर्ण कामाच्या काळात प्रत्येकी एक अंगरखा. दगड, चुना, वाळू, पाणी हे सारे गावाने पुरवायचे, तसेच गवंड्यांना काम करायला, जेवायला आणि निजायला एक घरही द्यायचे. म्हणजे आपल्या भाषेत हा नुसता मजुरीचा ठेका होता, मालाची जोखीम गावाची. कामाचा हंगाम २५ मार्चच्या सणापासून २९ सप्टेंबरच्या मायकलमसपर्यंत बांधून दिला होता. कारण उघड आहे : चुन्याचा सांधा सावकाश धरतो, आणि तो धरण्याआधी थंडीने गोठला तर भुसभुशीत होतो. भिंत भरीव दगडाची नसे. आत-बाहेर दोन चेहरे आणि मध्ये गुंडे व चुना यांची भर, असा प्रकार असे, म्हणून ओली भिंत घाईने चढवली तर पोटातून फुगण्याची भीती असे. टॉवर हंगामाहंगामाने थोडाथोडा चढे. आपण जर अशा टॉवरसमोर उभे राहिलात, तर परांचीच्या लाकडांसाठी सोडलेली आणि नंतर बुजवलेली चौकोनी भोके भिंतीवर ठराविक अंतराने सापडतात का ते पाहावे. मोजमापवही म्हणून ती वाचता येतात.

गावाकडे पैसा येई तो मृत्युपत्रांतून, वर्गणीतून, आणि चर्च-एल नावाच्या मेजवान्यांतून. या मेजवानीसाठी गावाच्या खर्चाने बिअर गाळत, ती गावालाच विकत आणि नफा चर्चच्या पेटीत टाकत. जमाखर्च चर्चवॉर्डन म्हणजे गावाने निवडलेले दोन कारभारी ठेवत, आणि त्यांच्या कित्येक वह्या अजून जपलेल्या आहेत.

जिथे लोकरीचा आणि कापडाचा व्यापार फोफावला तिथे वर्गणीच्या जोडीला शेठजीही आले. सफोकमधील लॅव्हनमच्या १४१ फुटी टॉवरमागे ऑक्सफर्डचे अर्ल जॉन दि व्हिअर आणि कापडव्यापारी टॉमस स्प्रिंग यांचा पैसा होता. अर्लच्या घराण्याचा तारा आणि स्प्रिंग कुटुंबाच्या खुणा दोन्ही टॉवरवर कोरलेल्या आहेत, आणि १५२३ मध्ये वारलेल्या स्प्रिंग यांनी टॉवर पुरा व्हावा म्हणून मृत्युपत्रात रक्कम ठेवली होती. डेव्हनमधील कलम्प्टन येथे जॉन लेन या कापडव्यापाऱ्याने १५२६ च्या सुमारास एक संपूर्ण आयल बांधून दिली. तिचे छत पंख्यासारख्या उलगडणाऱ्या दगडी कामाचे आहे, जे गावच्या चर्चमध्ये क्वचितच परवडे. आणि बाहेरच्या धिऱ्यांवर त्याने आपली गलबते आणि कापड कातरण्याच्या कात्र्या कोरून घेतल्या. देणगीदाराचे नाव पंख्याच्या पात्यावर रंगवण्याची आपली प्रथा त्यामानाने विनयशील म्हणायला हवी.

जिथे चांगला दगडच नव्हता तिथे काय, असे आपण पुढे विचाराल. घडीव दगडाची वाहतूक दगडापेक्षा महाग पडे, म्हणून तो शक्यतो जलमार्गाने आणत आणि फक्त कोपरे, कमानी व खिडक्यांपुरता वापरत. नॉरफोक आणि सफोकमध्ये बाकीची भिंत शेतात सापडणाऱ्या गारगोटीची असे. ती फोडली की आत काळीभोर, काचेसारखी तुळतुळीत निघते. फोडलेल्या गारगोट्या पांढऱ्या घडीव दगडाच्या चौकटींत समपातळीत बसवून तिथल्या गवंड्यांनी काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या भिंती उभ्या केल्या. टंचाईतून निघालेले इतके देखणे काम दुसरे क्वचितच असेल.

वॉल्बर्सविकची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. टॉवरनंतर, त्याच शतकात, गावाने त्याला शोभेल असे भव्य चर्चही बांधले. पुढे बंदर खालावले, गाव गरीब झाले आणि एवढी इमारत सांभाळणे झेपेना. १६९० च्या दशकात गावकऱ्यांनी परवानगी घेऊन चर्चचा बहुतेक भाग स्वतःच उतरवला आणि दक्षिणेच्या आयलचा एक तुकडा उपासनेपुरता ठेवला. बिनछपराच्या कमानींच्या मधोमध ते छोटे चर्च आजही चालू आहे, आणि रसेल व पॉल यांचा टॉवर जागेवर आहे.

प्रश्न (लक्ष्मीनगर) : छायाचित्रांत ही चर्च आतून अगदी कोरी, करड्या दगडाची दिसतात. मध्ययुगातील लोकांना रंगांची आवड नव्हती का?

उत्तर : आवड भरपूर होती. आज आपण पाहतो तो कोरेपणा दोन वेळा घडवलेला आहे, एकदा सोळाव्या शतकात आणि एकदा एकोणिसाव्या.

मध्ययुगात आतल्या भिंतींना गिलावा असे आणि त्यावर चित्रे असत. नेव्ह आणि चॅन्सल यांच्या मध्ये कोरीव लाकडी पडदा असे, त्याच्या माथ्यावर एक अरुंद सज्जा, आणि त्यावर क्रुसावरील ख्रिस्ताची मोठी मूर्ती. दोन्ही बाजूंना मेरी आणि संत जॉन. त्यामागे, कमानीच्या वरच्या भिंतीवर, अंतिम न्यायाचे, म्हणजे जगाच्या अखेरीस ख्रिस्त साऱ्यांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचे चित्र रंगवलेले असे. धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे इंग्लंड रोमच्या पोपपासून फुटून प्रॉटेस्टंट झाले तेव्हा, राजा सहाव्या एडवर्डच्या १५४७ च्या आदेशांनंतर, मूर्ती उतरवल्या गेल्या आणि भिंतींवर चुना फासला गेला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत १५६१ मध्ये सज्जेही काढण्याचा हुकूम निघाला. पडदे मात्र राहू द्यायचे होते, म्हणून काही ठिकाणी ते शिल्लक आहेत. सज्ज्यावर जाण्याचा दगडी जिना भिंतीच्या पोटात असल्याने तो कोणी काढत बसले नाही. आज तो वर जाऊन हवेत उघडणाऱ्या एका छोट्या दारापाशी संपतो. नवख्या प्रवाशाला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट हीच.

चुन्याखाली काय होते याचा नमुना वॉल्बर्सविकपासून काही मैलांवरच्या वेनहॅस्टन येथे आहे. १८९२ मध्ये तिथे दुरुस्ती चालू असताना चॅन्सलच्या कमानीतल्या चुना फासलेल्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकून दिल्या होत्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी फळ्यांवर रंग दिसू लागले. १५०० च्या आसपासचे अंतिम न्यायाचे चित्र होते ते : इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, आत्मे तोलणारा संत मायकल, उजव्या कोपऱ्यात माशासारखा जबडा वासलेला नरक. संत पीटर ज्यांचे स्वागत करत आहे ते सगळे उघडेनागडे आहेत, पण राजाच्या डोक्यावर मुकुट आणि बिशपाच्या डोक्यावर त्याची उंच टोपी आहे, म्हणून कोण कोण ते ओळखू येते. सर्वांत बोलका भाग मात्र चित्राच्या मधला, जिथे काहीच रंगवलेले नाही. फळ्यांवर क्रुसाची आणि दोन उभ्या माणसांची कोरी आकृती सुटलेली आहे. मूर्ती तिथे टेकून उभ्या होत्या, म्हणून चित्रकाराने त्यांच्यामागे रंग वाया घालवला नाही. मूर्ती कधीच नाहीशा झाल्या, पण त्यांची मापे अजून घेता येतात.

दुसऱ्यांदा कोरेपणा आला तो सुधारकांच्या नव्हे, तर जुन्या चर्चवर प्रेम करणाऱ्यांच्या हातून. १८३९ मध्ये केंब्रिजमध्ये स्थापन झालेल्या कॅम्डन सोसायटीने साधारण १३०० च्या आसपासची शैली हीच खरी ख्रिस्ती शैली ठरवली. त्या आग्रहापायी पुढच्या काही दशकांत शेकडो चर्चमधील नंतरची कामे काढून टाकली गेली आणि दगड ‘खरा’ दिसावा म्हणून जुना गिलावा, कधी चित्रांसकट, खरवडला गेला. या खरवडण्याला विरोध म्हणूनच विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुन्या इमारतीला तिच्या ‘मूळ’ रूपात नेऊ नये, फक्त पडू देऊ नये, ही त्यांची भूमिका होती आणि मला ती आजही योग्य वाटते. आपल्याकडे देवळांना तैलरंग फासणाऱ्यांनी आणि नंतर तो यंत्राने खरवडणाऱ्यांनी, दोघांनीही तिचा विचार करावा. भारतातील एकोणिसाव्या शतकातली बरीच इंग्रजी चर्च याच कॅम्डनी आवडीच्या छायेत बांधली गेली, त्यामुळे त्यांच्यात एकाच काळाची शिस्त दिसते. इंग्लंडच्या गावातला सरमिसळपणा त्यांच्यात सापडत नाही.

प्रश्न (इतवारी) : इंग्लंडला जाऊन आलेल्या नातेवाइकांनी सांगितले की क्रॉमवेलच्या सैनिकांनी चर्चच्या छतातील देवदूतांवर गोळ्या झाडल्या, कुष्ठरोग्यांसाठी बाहेरून पाहण्याची खास खिडकी असे, आणि चॅन्सल मुद्दाम वाकडे बांधत. यात तथ्य किती?

उत्तर : फारच थोडे. देवदूतांची गोष्ट ब्लायबरा येथे सांगितली जाते. तिथल्या लाकडी छतात पंख पसरलेले देवदूत आहेत आणि त्यांच्यात खरोखर छर्रे सापडले आहेत. क्रॉमवेल ज्या बाजूने लढत होते त्या पार्लमेंट पक्षाने राजाविरुद्धच्या यादवीत मूर्तिभंजनासाठी नेमलेले विल्यम डाउसिंग १६४४ मध्ये तिथे आले होते आणि वीस देवदूत उतरवण्याचा आदेश देऊन गेले, हे त्यांच्याच रोजनिशीत आहे. पण छर्रे अठराव्या शतकातले आहेत, आणि चर्चच्या जमाखर्चात छतात घरटी करणारे कावळ्याच्या जातीचे पक्षी मारल्याबद्दल मजुरी दिल्याची नोंद आहे. आदेश निघूनही देवदूत इतक्या उंचावर राहिले, याचे श्रेय बहुधा शिडीच्या खर्चाला द्यावे लागेल.

चॅन्सलच्या भिंतीत खाली एक लहान खिडकी पुष्कळ ठिकाणी असते. ती कुष्ठरोग्यांसाठी होती ही समजूत एकोणिसाव्या शतकात पसरली. ज्या रोग्यांना गावाबाहेर राहावे लागे, ते आवारात गर्दी करतील हे संभवत नाही. उपासनेतील मुख्य क्षणी आतून घंटा वाजवावी आणि ती शेतातल्या लोकांना ऐकू जावी, यासाठी ती उघडत असावेत असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. वाकडे चॅन्सल हे क्रुसावर कललेल्या ख्रिस्ताच्या मस्तकाचे प्रतीक, हे तर नुसतेच काव्य आहे. जुने चॅन्सल उभे असताना त्याच्याभोवती नवे आखले, तर मध्ये इमारत असल्यामुळे कर्ण मोजता येत नाहीत आणि आखणी चुकते. प्रतापनगरच्या आपल्या अभियंता वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न (मानेवाडा) : मुलगा ऑक्सफर्डला शिकतो, आम्ही भेटीला जाणार आहोत. एकच जुने चर्च पाहायचे तर कोणते पाहावे?

उत्तर : इफ्ली. ऑक्सफर्डच्या मध्यापासून थेम्सच्या काठाने सुमारे दोन मैल चालत गेले की येते. चर्च ११६० ते ११७० च्या सुमाराचे आहे. आधी पश्चिमेचा दरवाजा पाहावा. त्याच्या कमानीवर चोची रोवून बसलेल्या पक्ष्यांच्या आणि श्वापदांच्या मुंडक्यांच्या रांगा आहेत. त्यावरची गोल खिडकी मात्र एकोणिसाव्या शतकातली आहे, जुन्या वर्तुळाच्या खुणा सापडल्यावर पुन्हा घातलेली. मग दक्षिणेच्या दरवाजाकडे वळावे. तो बराच काळ पोर्चच्या आड असल्याने त्यावरचे कोरीव काम पश्चिमेपेक्षा कितीतरी ताजे राहिले आहे. आत गेल्यावर टॉवरच्या दोन गोल कमानींखालून पूर्वेच्या टोकापर्यंत सरळ चालत जावे. शेवटचा खण तेराव्या शतकात वाढवलेला आहे. कमानी तिथे टोकदार होतात आणि करवतीची नक्षी संपते. तो सांधा ओलांडताना पावले चार-पाचच पडतात, पण मध्ये सुमारे साठ वर्षे गेलेली असतात. दुर्बीण बरोबर असू द्यावी, आणि जाण्याचा दिवस रविवार नसेल तर बरे, कारण रविवारी सकाळी तिथे उपासना चालू असते.